वायच म्हणजे किती सेंटिमीटर

पुस्तक आहे, असं मी त्या बाईंना सांगितलं तेव्हा पुस्तक नव्हतंच.

तारकर्लीला एका लॉजच्या मागे, माडांच्या सावलीत मी सुट्टीच्या दिवसांत पर्यटकांना चामड्याचं काम शिकवते. शिकवते म्हणजे दोन तासांत किल्ल्या अडकवायची एक पट्टी करून घेते. चामडं मी आधीच कापून नेते, भोकंही पाडून नेते. त्यांनी दोरा ओवायचा, शेवटी गाठ मारायची आणि फोटो काढायचा. समुद्रात बुड्या मारून आलेली माणसं ओल्या केसांनी बसतात आणि पाण्याखाली कुठला मासा दिसला ते सांगता सांगता दोन टाके चुकतात. मग हसतात, मीही हसते. आमच्या घरच्या पडवीत टाका चुकला तर हसायची पद्धत नाही.

त्या दिवशी नाशिकच्या एक बाई आल्या होत्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. त्यांचा एकही टाका चुकला नाही. पट्टी पुरी झाल्यावर त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "तुमचं पुस्तक आहे का? नमुन्यांचं? घरी बसून करता येईल असं?"

"आहे की," मी म्हणाले. "छापायला गेलंय. पुढच्या महिन्यात येईल."

असं का बोलले ते मला अजून नीट सांगता येत नाही. 'तुमचं पुस्तक' हे दोन शब्द कुणी मला उद्देशून म्हणेल असं कधी वाटलं नव्हतं, आणि त्या शब्दांना नाही म्हणवेना. बाईंनी लगेच माझा नंबर घेतला. महिनाभराने त्यांचा मेसेज आला, 'पुस्तक आलं का?' मी लिहिलं, 'छपाई चालू आहे.' पंधरा दिवसांनी पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी ठरवलं, की खोटं बोलण्यापेक्षा पुस्तक करणं सोपं पडेल. तेही काही खरं नव्हतं.

आमच्या घरात चामड्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. माझे सासरे, त्यांना सगळी वाडी आबा म्हणते आणि मीही तेच म्हणते, पंचाहत्तरी ओलांडून गेलेत. त्यांनी हयातभर चपला केल्या, बैलांच्या गळ्यातले पट्टे केले, मासे विकणाऱ्या बायकांसाठी कमरेला बांधायचे बटवे केले. त्या बटव्याचं झाकण लांब असतं, म्हणजे ओल्या हाताने उघडलं तरी आतल्या नोटा भिजत नाहीत. मी नांदगावहून लग्न होऊन आले तेव्हा मला शिवण येत होतं ते ब्लाउजचं. पुढे आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी महिनाभर वाकायचं नाही म्हणून बजावलं. त्या महिन्यात त्यांनी चामड्याला भोक पाडायची आरी माझ्या हातात दिली. शिकवणं म्हणजे एकच वाक्य होतं, "हात चालवीत ऱ्हव, आपोआप येतला." आणि खरंच आलं. पण कसं आलं ते मला कुणाला सांगता आलं नसतं. पुस्तक लिहायला बसले तेव्हा हीच मोठी अडचण झाली.

"आबा," एका सकाळी मी चहा देताना म्हटलं, "आपल्या फर्म्यांचा पुस्तक केला तर?"

फर्मे म्हणजे ज्यावरून चामडं कापायचं ते साचे. आमच्या पडवीत एका खिळ्याला ते तारेत ओवून लटकवलेले असतात.

आबांनी रापी खाली ठेवली. चामडं कापायची ती रुंद पात्याची सुरी सहसा त्यांच्या हातातून सुटत नाही. "पुस्तक? ता वाचून कोण चपला करतलो?"

"शिकतली लोकां."

"मी खंय वाचून शिकलंय?"

झालं. विषय संपला असं मी समजले. तो दिवस ते बोलले नाहीत, दुसराही नाही. तिसऱ्या दिवशी मी अंगणात भांडी घासत होते तेव्हा ते मागे येऊन उभे राहिले.

"त्या पुस्तकात मापां लिवची लागतली काय?"

"लागतली."

"आकड्यात?"

"आकड्यातच, आबा."

ते थोडा वेळ घुटमळले. मग दोन्ही तळवे माझ्यापुढे धरून म्हणाले, "माका आकड्यात सांगूक येवचा नाय गो. माझी मापां हयसर आसत."

तेव्हा मला कळलं की त्यांचा पुस्तकाला नकार नव्हताच. चौथीनंतर शाळा सुटलेला माणूस, साठ वर्षं चार बोटं, एक वीत, अंगठ्याचं पेर यांवर काम करत आलेला. आपल्याला विचारलं आणि सांगता आलं नाही तर, एवढीच त्यांची धास्ती होती. मी हात धुतले, टेप आणली आणि त्यांना पायरीवर बसवलं. त्यांनी हात पुढे केला, बांगड्या भरायला बसलेल्या मुलीसारखा, अगदी अलगद. चार बोटं साडेसात सेंटिमीटर. वीत एकवीस. अंगठ्याचं पेर तीन. करंगळीचं नख एक. मी सगळं वहीत उतरवलं. आबांनी वही हातात घेऊन बराच वेळ पाहिली.

"म्हंजे मी पयल्यापासून सेंटिमीटरातच करी होतंय," ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका खुलला की त्या दिवशी त्यांनी स्वतः खिळ्यावरची तार काढून माझ्यापुढे ठेवली.

त्या तारेत काय काय होतं! लग्नपत्रिकांचे पुठ्ठे, कॅलेंडरची जाड पानं, खोक्यांचे तुकडे, आणि नाजूक कामासाठी एक्स-रेच्या जुन्या फिल्म. एक्स-रे फिल्म उत्तम. ती फाटत नाही, दमट हवेत फुगत नाही, आणि तिच्यातून खालचं चामडं दिसतं, त्यामुळे डाग चुकवून कापता येतं. चष्म्याच्या घराचा फर्मा कुणाच्या तरी गुडघ्यावर कापलेला होता. मासेवाल्या बायकांच्या बटव्याच्या फर्म्यात बरगड्या दिसत होत्या.

मी फर्मे आलेखाच्या कागदावर उतरवायला सुरुवात केली. दुपारी जेवणं आटोपली की पडवीत बसायचं, पेन्सिलीने कड गिरवायची, टोकं जुळवायची. दहा नमुने निवडले, किल्ल्यांच्या पट्टीपासून बायकांच्या चपलेपर्यंत. प्रत्येकाखाली कृती लिहिली. मला वाटलं, संपलं. पण कुणीतरी शिकलेल्या माणसाने एकदा नजर टाकावी म्हणून मी वही घेऊन शेजारी गेले.

शेजारच्या बाई शाळेत शिवणकाम शिकवायच्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी त्यांना सगळे टीचरच म्हणतात. ख्रिश्चन कुटुंब, माहेर गोव्याचं. घर इतकं नीटनेटकं की आपण पाय पुसून गेलो तरी पुन्हा पुसावेसे वाटतात. ठेंगण्या, चटपटीत, आणि बोलताना समोरच्याचं शिवण तपासत बोलणाऱ्या. माझ्या ब्लाउजच्या बाह्यांबद्दल त्यांचं मत मला माहीत आहे.

त्यांनी वही घेतली, चष्मा लावला आणि लाल पेन शोधलं. शाळा सुटली तरी लाल पेन सुटलं नव्हतं.

"ह्या काय?" पहिल्याच पानावर त्या थांबल्या. "'कडेपासून वायच आत टाका घ्यावा.' वायच म्हणजे किती?"

"वायच म्हणजे... वायच, टीचर."

"किती सेंटिमीटर?"

मी हवेत बोटांनी थोडंसं अंतर दाखवलं. त्यांनी माझी बोटं धरली, पट्टी लावली. "चार मिलिमीटर. मगे तसा लिव." आणि 'वायच'वर लाल काट मारली. पुढे वाचलं. 'चामडं वायच ओलं करावं.' 'हातोडीने बेताने ठोकावं.' 'पट्टी अंदाजाने लांब ठेवावी.' एकेका पानावर सहा-सात लाल काटा पडल्या. माझ्या आख्ख्या पुस्तकात मिळून आकडे जितके नव्हते त्याहून जास्त वायच होते.

"गो बाय," त्या शेवटी म्हणाल्या, "ज्या माणसान कधी आरी बघूक नाय, तेका ह्या वाचून वस्तू करूक येतली काय?"

"कोण करून बघतला?"

"मी करतंय," टीचर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या आमच्या पडवीत येऊ लागल्या. रोज चार वाजता, ॲप्रन बांधून, स्वतःचा पाट घेऊन. नियम असा होता की त्यांनी फक्त वहीत लिहिलेलं करायचं, मी आणि आबांनी तोंड उघडायचं नाही. मला ते जमलं. आबांना नाही जमलं.

पहिल्याच दिवशी टीचरनी फर्म्यांची तार हातात घेतली, एक फिल्म उजेडाकडे धरली आणि दचकून खाली टाकली. "जेजू! हो कोणाचो पाठीचो कणो?"

"माझोच," आबा म्हणाले. "माडावरसून पडलंय तेव्हाचो. तेच्यावर बाटलीचो पट्टो बसता बरोबर."

टीचरनी चष्म्याचं घर करायला घेतलं. फर्मा ठेवून आखलं, कापलं. कापताना त्यांनी चामड्याचा तुकडा हवा तसा फिरवून घेतला. आबा जागेवर चुळबुळले. "टीचरबाय, ता पोट आसा."

"कोणाचा पोट?"

"जनावराचा. पोटाकडचा चामडा ताणता. पाठीकडचा घट्ट आसता. झाकण पोटाचा केल्यात तर म्हयन्यान जीभ बाहेर काढल्यासारखा लोंबतला."

"वहीत लिवलेला नाय," टीचर म्हणाल्या.

"वहीत नाय म्हणान जनावराक पोट नाय?"

"आबानू, कापडाक आडवो-उभो धागो आसता, तो आमी बाण काढून दाखवतो. तुमच्या चामड्यात बाण खंय आसा?"

दोघं माझ्याकडे वळून पाहू लागले. मी पेन्सिल घेतली आणि दहाही नमुन्यांवर बाण काढले. बाणाचं टोक पाठीच्या कण्याच्या दिशेने. हे मी कुठल्या पुस्तकात पाहिलं नव्हतं. ते त्या भांडणातून आलं.

चष्म्याचं ते घर शिवून झालं तेव्हा झाकण तोंडापर्यंत पोचतच नव्हतं. टीचरनी सगळं वहीप्रमाणे केलं होतं, एक मिलिमीटरही इकडेतिकडे नाही. मी डोकं खाजवत बसले. आबांनी ते घर हातात घेतलं, दुमडीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "माझा चामडा पातळ होता. ह्या जाड. जाड माणूस वळलो की कापड कमी पडताच." दुमडीत जाड चामडं लांबी खातं हे त्यांच्या हाताला माहीत होतं, त्यामुळे जाड चामडं असलं की ते आपोआप झाकण नखभर लांब कापायचे. मीही तसंच करत होते, आणि आपण तसं करतो हे मला माहीतही नव्हतं. मी वहीत लिहिलं: 'दोन मिलिमीटरपेक्षा जाड चामडं असल्यास झाकण एक सेंटिमीटर वाढवावं.'

असे दोन महिने गेले. टीचरच्या बोटांना आरी टोचली, आबांनी त्यांना मेण लावलेला दोरा दातांनी न तोडायला शिकवलं, टीचरनी आबांना टेपवरचे बारीक आकडे वाचायला शिकवले. भांडणं रोज व्हायची. एकदा चपलेच्या अंगठ्यावरून इतकं पेटलं की टीचर पाट उचलून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी चार वाजले, सव्वाचार झाले. आबा तीनदा उठून दगडी गडग्यापलीकडे पाहून आले. साडेचारला टीचर आल्या, हातात डब्यात नारळाच्या वड्या. "चुकला माझा," असं काही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "मी घराकडे अंगठो कापून बघितलंय. तुमचा बरोबर आसा." आबांनी वडी तोंडात टाकली आणि म्हणाले, "तुमची बोटा बसूची रीत चांगली आसा, ती पण घालूया." पुस्तकातल्या चपलेला म्हणूनच आबांचा अंगठा आहे आणि टीचरचं माप.

शेवटचं पान आबांचं. चामडं कसं निवडावं ते त्यांनी सांगायचं आणि मी लिहायचं असं ठरलं. ते मालवणीत बोलले. डोळे मिटून, अगदी सावकाश. चामड्यावरून हात फिरवावा, मग उलट्या बाजूने फिरवावा. वाकवून कानाशी धरावं. चांगलं चामडं कुरकुरत नाही. वास घ्यावा. पावसाळ्यात बुरशी आली तर घाबरू नये, पुसून खोबरेल लावावं, सावलीत वाऱ्यावर ठेवावं, उन्हात नाही. "आणि हात लावतांना वायच मायेन लावचो," ते म्हणाले, "तेका कळता."

मी टीचरकडे पाहिलं. लाल पेन त्यांच्या हातात होतं.

"हेका मराठीत करूया काय?" मी विचारलं.

टीचरनी पेनाचं टोपण लावलं. "तसाच ऱ्हवांदे," त्या म्हणाल्या.

छपाई कणकवलीत एका छोट्या छापखान्यात झाली. मालक हसतमुख, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापणारे. आमची वही पाहून त्यांना गंमत वाटली. पन्नास प्रती, स्पायरल लावून, मुखपृष्ठावर आमच्या पडवीचा फोटो. मी गठ्ठा घेऊन एसटीने घरी आले. एसटी डेपोत कामाला असलेला माझा नवरा येताना गोड घेऊन आला. आबांनी पहिली प्रत देवापुढे ठेवली, टीचरनी दुसरी प्रत दोन्ही हातांनी उघडून शुद्धलेखन तपासलं, आणि मी तिसरी प्रत त्याच दिवशी नाशिकला पाठवली. माझं खोटं आता खरं झालं होतं. त्या आनंदात मी वर्गाला येऊन गेलेल्या आणखी नऊ जणांना प्रती पाठवून टाकल्या.

बारा दिवसांनी नाशिकहून फोटो आला. सुरेख शिवलेलं चष्म्याचं घर, टाके एकसारखे. त्याच्या तोंडात चष्मा अर्धा अडकलेला. खाली लिहिलं होतं: 'सगळं तुमच्या पुस्तकाप्रमाणे केलं. चष्मा आत जात नाही. माझं डोकं मोठं आहे की तुमचं पुस्तक लहान?'

मी फर्म्यांची तार काढली. चष्म्याच्या घराची फिल्म घेतली आणि पुस्तकातल्या पानावर ठेवली. फिल्म चारही बाजूंनी बाहेर आली. दुसरा फर्मा ठेवला, तोही बाहेर. चपलेचा तळ ठेवला, तोही. दहाच्या दहा नमुने आकसले होते.

छापखान्यात फोन केला. मालकांनी आठवून सांगितलं, "होय, स्पायरलच्या भोकांका जागा होयी होती ना, म्हणान मशीनीत पान वायच लहान केलंय. अक्षरां वाचूक येतत ना?"

अक्षरं वाचता येत होती. टीचरनी पट्टीने मोजलं. दहा सेंटिमीटरची रेघ नऊ पूर्णांक चार भरली. "हो वायच सहा मिलिमीटराचो," त्या थंडपणे म्हणाल्या. त्यांनी दोन महिन्यांत इतके वायच मारले होते, आणि एक नेमका छापखान्यात शिरला.

मला रडू आलं. लाज पुस्तकाची नव्हती, त्या दहा जणांची होती, ज्यांनी पैसे घालून चामडं आणलं असेल आणि कापलं असेल. आबा काय म्हणतील याचीही धास्ती होती. वाचून कोण चपला करतलो, हे त्यांनी आधीच म्हटलं होतं. मी एकेकाला फोन लावत बसले. प्रत्येकाला सांगितलं, की चूक आमची, अजून कापलं नसेल तर थांबा, नवीन पानं पाठवते. एक जण म्हणाले की त्यांनी पुस्तक उघडलेलंच नाही. इतका दिलासा मला कुणाच्या आळसाने कधी दिला नव्हता. नाशिकच्या बाईंनी मात्र सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे पहिल्या आवृत्तीची पहिली तक्रार माझी. चांगलं आहे. ते घर मी नातीच्या गॉगलला देते."

फोन संपवून मी पडवीत आले तर आबा कामाला बसलेले. पुढ्यात पुस्तकातलं कापलेलं पान, बायकांच्या सहा नंबरच्या चपलेचं, आणि त्यावरून ते चामडं कापत होते.

"आबा, ता चुकीचा आसा!"

"माका म्हायत आसा," ते म्हणाले. "गप ऱ्हव."

दोन दिवस त्यांनी कुणाला जवळ येऊ दिलं नाही. त्यांच्या डोळ्यांना त्रास होतो म्हणून हल्ली चपला मी करते, पण ही जोडी त्यांनी स्वतः शिवली. टाका थोडा वाकडा जाई, तो ते उसवत आणि पुन्हा घालत. दुसऱ्या दिवशी चार वाजता टीचर आल्या तेव्हा आबांनी चपला त्यांच्या पायांपुढे ठेवल्या.

"घाला बघया."

टीचरनी पाय घातले. उठल्या. चार पावलं चालल्या, वळल्या, परत आल्या. खाली पायांकडे पाहत राहिल्या. त्यांचा पाय लहान, चार नंबरचा. दुकानात त्या मापाच्या चपला मिळायच्या त्या पोरींच्या, फुलं आणि चमक लावलेल्या. शाळेत शिकवत असताना त्या चपलांवरची फुलं कातरीने काढून घालायच्या, हे त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. सहा नंबरचा नमुना आकसून बरोबर चारवर आला होता, आणि ते आबांच्या डोळ्यांनी पानावरूनच ओळखलं होतं.

"कशी आसत?" आबांनी विचारलं.

"काय एक चूक काढूक मिळणा नाय," टीचर म्हणाल्या. मग नाक पुसलं आणि पुन्हा म्हणाल्या, "डाव्या पायाचो तिसरो टाको सोडून."

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसले. आमच्या पडवीत चुकलेल्या टाक्यावर हसू आलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

छापखान्याचे मालक भले निघाले. त्यांनी सगळी नमुन्यांची पानं पुन्हा छापून दिली. या वेळी मोठ्या कागदावर, घडी घालून, पुस्तकाच्या मागे खिशात ठेवायची. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात टीचरनी एक रेघ काढून घेतली आणि तिच्याखाली ठळक अक्षरांत छापलं: 'ही रेघ पट्टीने मोजा. बरोबर दहा सेंटिमीटर भरली तरच कातर लावा.' छपाई चालू असताना त्या पट्टी घेऊन मशीनपाशी उभ्या होत्या. मालकांनी दोनदा चहा मागवला तरी हलल्या नाहीत. आकसलेली पानं आम्ही फेकली नाहीत. वाडीतल्या बायकांचा वर्ग मी आता आठवड्यातून एकदा घेते, तिथे लहान मुलांच्या वस्तू करायला ती अगदी बरोबर बसतात.

पुस्तक हळूहळू पोचायला लागलं. कुणी फोटो पाठवतं, कुणी शंका विचारतं. एका माणसाने विचारलं, की शेवटच्या पानावर चामड्याला हात मायेने लावावा असं लिहिलंय, ते नेमकं कसं? मी फोन आबांना दिला. ते अर्धा तास बोलत होते.

मागच्या महिन्यात एका सकाळी फाटकाशी एक म्हातारे गृहस्थ आले. धोतर, छत्री, काखेत कापडी पिशवी. तळेऱ्याजवळच्या एका गावातून दोन एसट्या बदलून आले होते. त्यांच्या पुतण्याने त्यांना पुस्तक दाखवलं होतं. नमस्कार-चमत्कार न करता त्यांनी विचारलं, "चपलेची टाच अशी कोणी सांगल्यान?"

"मी," आबा आतून म्हणाले.

"चुकीची आसा."

मी चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तेव्हा दोघं समोरासमोर मांडी घालून बसले होते. पाहुण्यांनी पिशवीतून फर्मे काढले होते. त्यांचे फर्मे एक्स-रेचे नव्हते, जुन्या पत्र्याच्या डब्यांतून कापलेले, कडा घासून गुळगुळीत केलेले. बैलाच्या घुंगरांच्या पट्ट्याचा फर्मा मी असा कधी पाहिला नव्हता. आबांनी तो हातात घेतला, उलटा केला, बोटांनी मोजला, आणि माझ्याकडे दिला, टेप आण अशा नजरेने.

चार वाजता टीचर आल्या. टाचेचा वाद त्यांनी ऐकून घेतला आणि दोघांनाही सांगितलं, की तुम्ही दोन वेगळ्या पायांबद्दल बोलताय: डोंगरात चढणाऱ्याची टाच वेगळी झिजते, रेतीत चालणाऱ्याची वेगळी. मग दोन्ही म्हाताऱ्यांनी मिळून त्यांच्याशी वाद घातला. चहा दोनदा गार झाला. पाचची गाडी चुकेल म्हणून मी पाहुण्यांना तीनदा आठवण केली तेव्हा कुठे ते उठले. छत्री घेतली, चपला घातल्या. फर्म्यांची पिशवी मात्र आबांच्या पुढ्यातच होती.

"पिशवी ऱ्हवली," मी म्हटलं.

"ऱ्हवांदे," ते फाटकातून म्हणाले. "गाडीत गर्दी आसता. पत्रो वाकतलो."